‘जाणारा जातोच’ हे असत्य आहे

एखाद्या तरुणाने आपल्या हाताने आपले जीवन संपवले की त्या घरी जमलेल्या माणसांच्या तोंडून दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, ‘भित्रा निघाला.’ दुसरे, ‘ज्याला जायचेच असते त्याला कोण अडवणार? जाणारा जातोच.’ पहिले वाक्य मृतावर अन्याय करते आणि त्याची क्रूरता कोणालाही कळते. दुसरे मात्र सांत्वनाचा वेष घेऊन येते. ते ऐकून आईबापांच्या मनावरचा भार क्षणभर हलका होतो, म्हणून आपण ते खपवून घेतो. मला आज या दुसऱ्या वाक्याशीच भांडावयाचे आहे. अडवणे शक्यच नव्हते असे एकदा ठरले की अडवण्याचे कर्तव्यही उरत नाही. आणि मग पुढच्या घरातील तरुणाकडे पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही.

हे वाक्य सर्वत्र घातक आहे. पण ज्या घरांवर युद्धाची छाया असते तेथे ते अधिकच घातक ठरते. ‘आपल्या सातारा-सांगलीत कोठे युद्ध आहे?’ असा प्रश्न कोणी करील. त्याने साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावी जाऊन यावे. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले आणि गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा जोडला गेला. देशातील पहिले सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यातच सुरू झाले. त्याच शाळेचे विद्यार्थी कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाडा येथे धारातीर्थी पडले. सांगलीच्या पूर्वेकडील दुष्काळी तालुक्यांतही सैन्यातील नोकरी हा कित्येक घरांचा आधार आहे. तोफा आपल्या शिवारात धडधडत नाहीत हे खरे. परंतु युद्ध आपल्या घरात भ्रमणध्वनीवरून येते. ७ ते १० मे २०२५ या चार दिवसांत भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा सीमेवरच्या मुलाचा फोन लागत नाही म्हणून रात्र रात्र जागणारी घरे आपल्या वाड्या-वस्त्यांवर होती. त्या घरांत वृद्ध आईबाप होते, तशीच विशी-बाविशीतील पत्नी होती, दहावीतला भाऊ होता, शाळेत जाणारी लेकरे होती. युद्धाच्या छायेत जगणारे तरुण म्हणजे केवळ खंदकातला जवान नव्हे. त्याच्या उंबरठ्याआड जगणारी ही सारी पोरेही त्यांतलीच.

आता काही आकडे पाहू. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने राज्यसभेत जी माहिती दिली तिच्यानुसार, आधीच्या पाच वर्षांत आपल्या तिन्ही सैन्यदलांत आत्महत्येच्या ८१९ घटना नोंदल्या गेल्या. त्यांपैकी ६४२ भूदलातील, १४८ हवाई दलातील आणि २९ नौदलातील. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल आदी निमलष्करी दलांत २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत ६५४ जवानांनी असाच मृत्यू पत्करला. या माणसांच्या नावे गावात कमान उभी राहिली नाही, शाळेला त्यांचे नाव दिले गेले नाही, त्यांच्या अंत्ययात्रेला पालकमंत्री आले नाहीत. शत्रूच्या गोळीने पडलेल्याला आपण खांद्यावर घेतो. आतल्या आत कोसळलेल्याला मात्र घाईघाईने आणि खाली मान घालून निरोप देतो. घराण्याची अब्रू जाऊ नये म्हणून मृत्यूचे कारणही बदलून सांगतो. दोघेही एकाच गणवेशात होते, एकाच हिमात उभे होते, याचा आपल्याला विसर पडतो.

या मृत्यूंची जी कारणे वेळोवेळी सांगितली गेली आहेत त्यांत कौटुंबिक कलह, वैवाहिक तणाव, आर्थिक ओढाताण ही कारणे पुन्हा पुन्हा येतात. त्यांचा अर्थ आपल्या भागातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही. बांधावरून चुलत्याशी पेटलेले भांडण, सातबाऱ्यावरून गाळले गेलेले नाव, बहिणीच्या लग्नाचे कर्ज, सासू-सुनेचा बेबनाव – हे सारे हजार-दीड हजार मैलांवर पहारा देणाऱ्या पोराच्या कानात आपण रात्री ओततो. त्याला रजा मिळत नाही, त्याला काही करता येत नाही. आणि ‘तू शिपाईगडी, तू रडायचे नाहीस’ ही तंबी तर त्याला बाळपणापासून मिळालेली असते. शत्रूपासून तो स्वतःचे रक्षण करू शकतो. घरच्या या माऱ्यापासून स्वतःला कसे वाचवावे हे त्याला कोणी शिकवलेले नसते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, ‘हे दुःख खरे आहे, पण त्याला उपाय काय? जाणारा जातोच.’ हे म्हणणे असत्य आहे असे मी शीर्षकातच म्हटले. आता ते सिद्ध करतो, आणि त्यासाठी ज्यांनी प्रत्यक्ष युद्ध भोगले अशा देशांचेच दाखले घेतो.

इस्रायलमध्ये अठरा ते एकवीस वर्षांच्या मुला-मुलींना सक्तीने सैन्यात जावे लागते. हे सैनिक आठवड्याच्या सुट्टीत घरी जाताना आपले शस्त्र बरोबर नेत असत. सुट्टीच्या त्या दिवसांत आत्महत्या अधिक होतात हे सैन्याच्या ध्यानात आले. २००६ मध्ये नियम बदलण्यात आला : सुट्टीवर जाताना शस्त्र तळावरच ठेवून जायचे. एवढ्याच बदलानंतर तरुण सैनिकांतील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. घट झाली ती मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतील घटनांत; आणि ‘सुट्टीत जमले नाही म्हणून तळावर परतल्यावर केले’ असेही घडले नाही. इतर दिवसांचे प्रमाण वाढले नाही. त्या देशातले युद्ध थांबले नव्हते, सैनिकांची दुःखे नाहीशी झाली नव्हती. निराशेचा क्षण आणि हाताशी असलेले साधन यांच्यात थोडे अंतर पडले, एवढेच.

दुसरा दाखला आपल्या शेजारच्या श्रीलंकेचा. १९८३ पासून २००९ पर्यंत तो देश यादवी युद्धात होरपळत होता. १९९५ मध्ये तेथील आत्महत्यांचे प्रमाण दर लाख लोकांमागे सुमारे ४७ इतके भयंकर झाले होते; जगातील सर्वांत वरच्या प्रमाणांपैकी ते एक होते. मरणाऱ्यांत खेड्यांतील तरुण-तरुणी मोठ्या संख्येने असत आणि बहुतेक वेळा कारण ठरे ते घरात असलेले शेतीचे विष. १९९५ मध्ये आणि पुन्हा १९९८ मध्ये सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली. २००५ पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. पुढे आणखी काही विषांवर बंदी आली आणि ते अजून खाली उतरले. अभ्यासकांनी बेकारी, मद्यपान, घटस्फोट, युद्धाची वर्षे असे सारे तपासून पाहिले. ही घट त्यांपैकी कशानेच उलगडत नव्हती. ध्यानात घ्या, युद्ध चालू असतानाच हजारो माणसे वाचली.

‘आज वाचला तरी उद्या जाईलच’ हा शेवटचा आक्षेप. त्याचेही उत्तर आहे. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे एका पुलावर ज्यांना ऐन क्षणी कोणीतरी अडवले अशा ५१५ माणसांचा मागोवा रिचर्ड सायडन या अभ्यासकाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. कित्येकांना अडवून अनेक वर्षे लोटली होती. त्यांपैकी सुमारे ९४ टक्के माणसे एक तर हयात होती किंवा नैसर्गिक कारणांनी वारली होती. म्हणजे अडवलेला माणूस बहुधा जगतो. मरणाची ती लाट काही मिनिटांची, काही तासांची असते. तेवढा वेळ कोणी हात धरला, तेवढा वेळ साधन हाताशी नसले, तर ती ओसरते. ‘जाणारा जातोच’ असे म्हणणारे आपण त्या लाटेच्या वेळी कोठे होतो, हा प्रश्न उरतो. तो आपल्याला टाळायचा असतो, म्हणून आपण दैवाला पुढे करतो.

आता सांगलीकडे वळू. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज या पट्ट्यातील द्राक्षबागा आपले वैभव आहेत. त्या बागांवर वर्षभर फवारण्या होतात आणि त्या विषाला आपल्या बोलीत नाव आहे ‘औषध’. हे औषध कोठे असते? पडवीत, गोठ्यात, माळ्यावर, कित्येकदा झोपायच्या खोलीतील कपाटावर. चार वर्षांच्या लेकराला ते सापडू नये म्हणून आपण काळजी घेतो; पण भरतीत तिसऱ्यांदा नापास होऊन आलेला बावीस वर्षांचा मुलगा, नवऱ्याच्या फोनची वाट पाहून थकलेली सून, सीमेवरून परतल्यापासून गप्प गप्प राहणारा जवान यांच्यापासून ते दूर असावे असे आपल्या मनातही येत नाही. उपाय खर्चाचा नाही. फवारणीला लागेल तेवढेच आणावे. उरलेले घराबाहेर, लोखंडी पेटीत, कुलपात ठेवावे आणि किल्ली घरातील एका शहाण्या माणसाकडे असावी. चार बागाइतदारांनी मिळून शेतावर एक कुलूपबंद खोली केली तर अधिकच उत्तम. ज्या माजी सैनिकांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनीही हाच नियम पाळावा. घरात कोणी खचलेले असेल तेव्हा ती घराबाहेर, कायदेशीर सुरक्षित ठिकाणी ठेवावी. आपण सोन्याला कुलूप लावतो, धान्याच्या कोठीला लावतो. तेथेच आणखी एक कुलूप लावावयाचे आहे.

‘कुलपाने दुःख जाते काय?’ असा प्रश्न योग्यच आहे. दुःख जात नाही. कुलूप केवळ वेळ मिळवून देते. त्या वेळात माणसाजवळ माणूस आला पाहिजे. हे कसे करावे याचा धडा आपल्या परिसरातच एकदा गिरवला गेला आहे. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले; बहुतेक सारी आपल्याच कॅथलिक श्रद्धेची. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेले होते. भूक, थंडी, आप्तांचे मृत्यू पाहून, इराणमार्गे ती मुले आपल्या मातीत आली. सातारा जिल्ह्यातील पाचगणीची हवाही त्यांच्यातील काहींच्या वाट्याला आली. अनेकांचे वडील युद्धावर होते, अनेकांचे हयात नव्हते. युद्ध संपेपर्यंत थांबू, मग या मुलांचे पाहू, असे त्यांच्या वडीलधाऱ्यांनी म्हटले नाही. छावणीत प्राथमिक आणि माध्यमिक शाळा उघडल्या गेल्या, देऊळ उभे राहिले, इस्पितळ झाले, बालवीरांची आणि वीरबालांची पथके निघाली, नाटके आणि गाणी बसवली गेली. मुलांना सकाळी उठून जाण्यासाठी ठिकाण मिळाले आणि ती आली नाहीत तर चौकशी करणारे माणूस मिळाले. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे आणि २१ ऑगस्ट २०२४ रोजी भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले. परक्या मुलांसाठी आपल्या भूमीवर जे घडले त्याचा अभिमान आपण बाळगतो. मग आपल्या वाडीतील जवानाच्या मुलांसाठी तेवढी व्यवस्था आपल्याच्याने का होऊ नये?

येथे ख्रिस्तसभेविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्यातील वयस्कर मंडळींच्या मनात अजून एक भीती घर करून आहे. अशा मृताला पवित्र भूमीत जागा मिळेल काय, त्याच्यासाठी मिस्सा होईल काय, असे नातेवाईक आजही कुजबुजत विचारतात. १९१७ च्या धर्मविधान संहितेत बुद्धिपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती, हे खरे. १९८३ च्या संहितेतून ती गाळण्यात आली आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या धर्मशिकवणीच्या ग्रंथाने जीवन हे देवाचे देणे आहे, ते संपवणे हा आपला अधिकार नाही, हे ठामपणे सांगितले; आणि त्याच ठिकाणी गंभीर मानसिक विकार, यातना किंवा तीव्र भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, अशा मृतांच्या तारणाविषयी निराश होऊ नये, ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते, हेही सांगितले. तेव्हा कुजबुजण्याचे कारण नाही. विधी होईल, घंटा वाजेल, प्रार्थना होईल.

‘एवढी सवलत दिली तर धाक राहणार नाही,’ असे काही धर्मनिष्ठ बंधू म्हणतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. त्यांचे अनुमान मात्र चुकीचे आहे. ज्याच्या मनात काळोख दाटला आहे तो नरकाचा हिशेब मांडत बसत नाही. धाकाचा परिणाम एकच होतो : असे विचार मनात येतात हे सांगण्याची त्याला लाज वाटते. तो पापनिवेदनाला येत नाही, आईजवळ बोलत नाही, मित्रालाही सांगत नाही. धाकाने मरण अडत नाही. तोंड मात्र बंद होते. एलिया संदेष्ट्याचे उदाहरण पाहा. कर्मेल डोंगरावरील रक्तरंजित संघर्षानंतर तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि त्याने देवाजवळ मरण मागितले. देवाने त्याला भित्रा म्हटले नाही. त्याला झोपू दिले, दूतामार्फत भाकर आणि पाणी दिले. पुन्हा झोपू दिले, पुन्हा भाकर दिली. आणि त्यानंतरच त्याच्याशी बोलणे केले. रजेवर आलेल्या जवानाला पहिल्याच रात्री बांधाचे भांडण सांगणाऱ्या आपल्या घरांनी देवाचा हा क्रम शिकावा.

कायद्याची भीतीही आता बाळगण्याचे कारण नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या ११५ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे, आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी शासनावर टाकली आहे. जुन्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेत त्या सरसकट रूपात उरलेले नाही. वाचलेल्या मुलाला ‘पोलीस केस होईल’ या भयाने घरात दडवून ठेवणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा धोक्यात लोटणे होय. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेले पाहिजे.

मग आपण करावयाचे काय? पहिले, विचारावे. चेहरा उतरलेला, झोप उडालेली, दारू वाढलेली, निरवानिरवीची भाषा, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, ही चिन्हे दिसली तर बाजूला घेऊन सरळ विचारावे : ‘बाळा, जीव नकोसा वाटतो का?’ असे विचारल्याने मनात नसलेला विचार शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने ओझे उतरते. दुसरे, उत्तर ‘हो’ आले तर त्याला एकटे सोडू नये, साधने दूर करावीत आणि मदत मागवावी. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबियांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये याच सेवेचा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. जीव धोक्यात असेल तर ११२. तिसरे, मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात लाज मानू नये. मिरज ही वैद्यकांची नगरी आहे. गुडघ्यासाठी आपण तेथे जातो, तसेच मनासाठीही जावे. धर्मगुरूजवळ जरूर यावे, पण धर्मगुरू हा डॉक्टरचा पर्याय नव्हे. प्रार्थना आणि औषधोपचार एकमेकांचे वैरी नाहीत. चौथे, प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या हद्दीतील सैनिक-कुटुंबांची यादी करावी, मग ती कोणत्याही धर्माची असोत. आपल्या महिला मंडळाने आणि तरुण संघाने महिन्यातून एकदा त्या घरी जाऊन बसावे. उपदेश करू नये. चहा घ्यावा, पोरांचा अभ्यास विचारावा, सातबाऱ्याचे काम अडले असेल तर तलाठ्याकडे बरोबर जावे. जवानाचे अर्धे ओझे तेथेच उतरेल.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पै येथील तुरुंगाधिकाऱ्याचा प्रसंग आहे. तोही गणवेशातलाच माणूस. भूकंपाने तुरुंगाची दारे उघडली; कैदी पळाले, आता आपली अब्रू आणि नोकरी दोन्ही गेली, असे समजून त्याने तलवार उपसली. त्या अंधारात संत पौल मोठ्याने ओरडला की स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे येथेच आहोत. तुरुंगाधिकारी थांबला. त्याच रात्री त्याने कैद्यांच्या जखमा धुतल्या आणि आपल्या घरी पंगत मांडली. पौलाने त्याला भित्रा म्हटले नाही आणि ‘जाणारा जातोच’ असे म्हणून तो आपल्या कोपऱ्यात बसूनही राहिला नाही. तो वेळेवर ओरडला आणि तेथे हजर होता.

वाचकहो, युद्धे थांबवणे आपल्या हाती नाही. हा अंक खाली ठेवल्यावर घरातील विषाचा डबा कोठे आहे ते मात्र पाहता येईल, त्याला कुलूप लावता येईल, आणि सीमेवरच्या पोराला आज रात्री फोन करून केवळ ‘जेवलास का?’ एवढेच विचारता येईल. एवढे केल्यावर जर कोणी ‘जाणारा जातोच’ म्हणालाच, तर त्याला तेथल्या तेथे, सर्वांसमक्ष सांगा, की हे खरे नाही.